हिरव्या पट्ट्यावरच्या कुरडया

माझं माहेर अकोल्याचं, सासर अमरावतीचं. राजापेठेच्या गर्दीतून जो रस्ता आमच्या घराकडे वळतो, त्यावर मी लग्न झाल्यापासून राहते आहे. पण तो रस्ता केवढा रुंद आहे, हे मला गेल्या उन्हाळ्यापर्यंत माहीत नव्हतं. माहीत असणार कसं? त्याच्या कडा कुणी पाहिल्याच नव्हत्या. ट्यूशन क्लाससमोर स्कूट्यांची दाटी, मग चष्म्याच्या दुकानदाराची लांबलचक गाडी, मग एक जीप, जिच्या चाकांत मी हवा म्हणून कधी पाहिली नाही, आणि मग आमच्या फाटकासमोर, निंबाच्या सावलीत, आमच्या यांची पांढरी कार.

ही कार वर्षातून दोनदा बाहेर पडायची. एकदा रिद्धपूरला दर्शनाला आणि एकदा अकोल्याला, माझ्या माहेरच्या कुठल्यातरी लग्नाला. एरवी ती खोळ पांघरून उभी. रविवारी हे तिची खोळ काढत, तिला अंघोळ घालत, मऊ फडक्याने पुसत आणि पुन्हा पांघरूण घालत.

"एवढी सेवा माही केली असती तं," मी ओट्यावरून म्हणायची.

"तू कुठं अशी चुप उभी राहतं?" हे मान वर न करता म्हणायचे.

त्या दिवसांत मला पहाटे जाग यायची ती फाटकावर पुडी आदळल्याच्या आवाजाने. आमचे फुलवाले भाऊ भातकुलीच्या अलीकडे राहतात. तिथे त्यांचा मळा आहे. अंधारातच फुलं तोडायची, पळसाच्या पानात बांधायची, सायकलच्या दोन्ही बाजूंच्या टोपल्यांत भरायची आणि उजाडता उजाडता शहरात शिरायचं. घरोघरी फुलांचा रतीब. पण ते कुठेच थांबत नसत. उजव्या हाताने हँडल धरलेलं, डावा हात टोपलीत, आणि चालत्या सायकलवरून पुडी भिरकवायची. पुडीच्या दोऱ्याला ते एक फास ठेवत. तो फास फाटकाच्या भाल्यासारख्या टोकात बरोबर अडकायचा. उभ्या गाड्यांच्या टपावरून, निंबाच्या फांदीखालून, पुडी जायची ती थेट भाल्यावर. मी कितीदा तरी खिडकीत उभी राहून ते पाहिलंय. धुकं असलं की सायकल दिसायचीच नाही. नुसती एकेक पुडी हवेतून यायची आणि फाटकाला लटकायची. देवांची पूजा व्हायच्या आत साऱ्या रस्त्याच्या फाटकांना फुलं लागलेली असायची.

थांबलं की उशीर, आणि उशीर झाला की फूल शिळं. त्यांचा सारा धंदा त्या न थांबण्यावर चालायचा.

आणि त्यांना थांबवलं मी.

तुळशीची लग्नं उरकल्यावर अकोल्याला माझ्या भाचीचं लग्न होतं. ते आटोपून आम्ही पहाटे चारलाच निघालो. पुढच्या सीटवर आहेरात मिळालेला पितळी गंज ठेवलेला. एवढं मोठं भांडं मागे मावेना, म्हणून मी यांच्या मागे बसलेली. घर आलं. गाडी निंबाखाली लागली. माझे डोळे अर्धे मिटलेले, कानात अजून सनई. मी मागे न पाहता दार उघडलं.

एक धप्पकन आवाज झाला. मग सायकलचं चाक फिरत असल्याचा आवाज.

काळ्या डांबरावर शेवंती पसरली होती. झेंडू घरंगळत रस्त्याच्या मधोमध गेले होते. मोगऱ्याच्या कळ्या सांडल्या होत्या. वरून नुकताच उजेड उतरत होता. देवाने मला माफ करावं, पण त्या एका क्षणी मला ते फार सुंदर वाटलं. मग मला दिसलं, की त्या फुलांच्या पलीकडे भाऊ उजव्या खांद्यावर पडलेत आणि उठता येत नाहीये.

"काही नाही वैनी," ते म्हणाले. तोंड पांढरंफटक. "काही नाही."

दारं उघडली, माणसं जमली. चष्मेवाले बनियनवरच आले. "काय झालं? कोणी ठोकलं?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "कोणी नाही बा. वाळूवरून घसरलो."

माझ्यासारखी बोलकी बाई, महिला मंडळाच्या नाटकात शूर्पणखेचं काम करून शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाणारी, गप्प उभी राहिली. हेही गप्प. आम्ही त्यांना त्याच कारमधून दवाखान्यात नेलं. सीटला माती लागेल म्हणून ते अंग चोरून बसले होते. उजव्या खांद्याजवळचं, गळपट्टीचं हाड मोडलं होतं.

हाड जुळलं. पण जेव्हा भाऊ परत आले, तेव्हा सायकल हातात धरून चालत आले. उभ्या गाड्यांची रांग दिसली की त्यांचे पाय जमिनीवर उतरत. "उजव्या हाताचा भरोसा नाही," म्हणायचे. "डावा हात फुलात घातला का उजवा थरथरते. आन् कोणतं दार कवा उघडन, कोणाले माहीत." चालत फिरायचं म्हणजे निम्मीच घरं व्हायची. आमच्याकडे पुडी यायची तोवर ऊन गच्चीवर चढलेलं असायचं. एकेका घराने रतीब बंद केला. पलीकडच्या गल्लीतल्या आजीबाई तर मला म्हणाल्या, "नऊ वाजता फूल आलं तं ते देवाले काय वाहू? सून घालते वेणीत."

असं वर्ष गेलं. दुसऱ्या थंडीत भाऊंनी मला फाटकाशी उभं राहून सांगितलं, "अक्षय तृतीयेपर्यंत पाहतो वैनी. नाही जमलं तं रतीब बंद. फुलं मंडीत टाकून देतो एकदम." मंडीत टाकायची म्हणजे झेंडूच्या ढिगात त्यांची शेवंतीही ढीगच. त्यांच्या बापापासूनचा हा रतीब होता.

त्याच दिवसांत पालिकेने आमच्या रस्त्याच्या कडेला प्लास्टिकचे नारिंगी खांब लावले. म्हणे प्रयोग आहे. इथे गाड्या उभ्या करायच्या नाहीत, सायकली चालवायच्या. आठ दिवसांत निम्मे खांब झोपले. एकाला चष्मेवाल्यांनी आपली छत्री अडकवली. आमच्या यांची कार दोन खांबांच्या मधोमध दिमाखात उभी राहिली, मंडपात नवरी बसावी तशी. मग संक्रांतीच्या सुमारास नोटीस आली की खांब काढून तिथे सिमेंटची कायमची कड बांधायची आहे, हिरवा पट्टा ओढायचा आहे, गाड्या कायमच्या जाणार आहेत. कुणाची हरकत असेल तर शाळेच्या हॉलमध्ये येऊन सांगावी.

हरकत! सारा रस्ता हरकतीने पेटला. आमचे हे तीन दिवस भाषण लिहीत होते. वाचायचं मात्र मी, कारण यांचा आवाज तिसऱ्या ओळीत बसतो.

हॉलमध्ये पालिकेचा एक तरुण इंजिनीअर नकाशा घेऊन बसला होता. चष्मेवाले आधी उठले. "साहेब, दुकानासमोर गाडी नाही दिसली तं गिऱ्हाइकाले वाटते दुकान बुडालं."

मागून कुणीतरी म्हणालं, "घरासमोर गाडी नाही दिसली तं पाहुण्यायले वाटते घरी कोणी नाही. परत जातात!"

"मंग तं लय फायदा हाये," समोरच्या घरातल्या आपा म्हणाल्या, आणि हॉल हसला. आपांचा शिवणकामाचा धंदा आहे. त्यांच्याकडे मुळात गाडी नाही, म्हणून त्या मजेत होत्या.

मग मी उठले. पदर खोचला, कागद उघडला. "आदरणीय साहेब, ज्या निंबाच्या सावलीत आमच्या वाहनाने वर्षानुवर्षं..." इथपर्यंत वाचलं आणि पुढचं अक्षर दिसेना. कागदावर मला शेवंती दिसायला लागली, डांबरावर पसरलेली. मी कागद घडी केला.

"फुलवाले भाऊ वाळूवरून घसरले नव्हते," मी म्हटलं. "दार मी उघडलं होतं. मागं न पाहता. आमच्या गाडीचं."

मी पुढे आणखी काहीबाही बोलले. माणूस वर्षभरापासून चालत येतो, कारण आपल्या गाड्या झोपलेल्या असतात, असं काहीतरी. नीट आठवत नाही. आठवतात ते हे, मान खाली घालून, चपलेच्या अंगठ्याशी खेळणारे.

घरी फाटकाशी आल्यावर यांनी कारच्या खोळीवरून हात फिरवला. "मीही होतो ना गाडीत," ते म्हणाले. "मीही कुठं बोललो."

तुम्हाला वाटेल की भाऊंना बरं वाटलं असेल. छे! दुसऱ्या दिवशी पुडी फाटकावर लावताना ते माझ्यावर चिडलेले.

"कावून सांगतलं वैनी तुमी? गावाले एक सांगून बसलो मी. आता मी खोटा ठरलो ना! चष्मेवाले भाऊ मले म्हणते, तुमी तं म्हणे वाळू होती."

"अवो भाऊ, पण खरं ते..."

"खरं मले माहीत होतं ना. तुमाले माहीत होतं. आनखी कोणाले पाह्यजे होतं?"

मी फाटकावरची पुडी काढून घेतली आणि आत गेले.

होळीपर्यंत कड बांधून झाली. कार माझ्या दिरांच्या रिकाम्या प्लॉटवर गेली. तिला सोडून आले त्या संध्याकाळी हे जेवले नाहीत. मग रोज पाच वाजता पाहायला जायला लागले, दवाखान्यातल्या माणसाला भेटायला जावं तसे. परत आले की मी विचारायची, "कशी हाये तब्येत?" ते गंभीरपणे सांगायचे, "ठीक हाये. धूळ लय हाये तिकडं."

आणि रस्ता! पहिल्या सकाळी मी फाटक उघडलं आणि मला आपण दुसऱ्याच गावात आलोय असं वाटलं. गाड्या गेल्या तशी आकाशाची एक रुंद पट्टी खाली उतरून आमच्या दारात आली होती. हिरवा पट्टा लांब, गुळगुळीत, रिकामा, दूरवर राजापेठेच्या धुरकट उजेडात विरघळत गेलेला. निंबाची पिवळी पानं त्यावर हळूहळू पडत होती, आणि पडल्यावरही आपण कुठे पडलो हे न कळल्यासारखी थोडी पुढे सरकत होती. मी चप्पल काढून त्यावर दोन पावलं चालले. गार होता. समोरच्या ओट्यावरून आपा माझ्याकडे बघून हसत होत्या. त्यांनीही चप्पल काढली होती.

सायकली आल्या. क्लासची पोरं आली, दूधवाला आला. भाऊ मात्र त्या पट्ट्यावरूनही सायकल हातात धरून चालत यायचे.

"भाऊ, आता तं बसा. दार उघडायले गाडीच नाही राह्यली."

"पाहू."

"कड केवढी मजबूत हाये पाहा."

"पाहू म्हटलं ना वैनी." ते हिरव्या रंगाकडे बघायचे, नदीकाठी उभा राहून पाण्याचा अंदाज घ्यावा तसे. पाडवा गेला. रामनवमी गेली. अक्षय तृतीया आठवड्यावर आली. मी बोलणं सोडून दिलं.

आता आमचा गाढवपणा सांगते. चैत्र लागला की आमच्याकडे कुरडयांचे दिवस. तीन दिवस गहू भिजवायचा, वाटायचा, गाळायचा, त्याचा चीक बसू द्यायचा. मग पहाटे गंजात तो शिजवायचा, हात दुखेस्तोवर घोटायचा, आणि ऊन तापायच्या आत गरम गरम सोऱ्यात भरून पसरलेल्या लुगड्यांवर कुरडया घालायच्या. दर वर्षी आम्ही हे गच्चीवर करायचो. तीन जिने, गरम गंज, वर माकडं. अमरावतीची माकडं कुरडईची चव ओळखतात.

आणि यंदा दारात हे एवढं मोठं, सपाट, स्वच्छ, हिरवं अंगण! कड बांधलेली, म्हणजे गाडी येणार नाही. उन्हाची तिरीप थेट. रस्त्यावरच्या एकूण एक बाईच्या मनात एकाच वेळी एकच विचार आला. कुणी ठरवलं नाही. शिवाय तो रविवार होता. क्लास बंद, सायकली नाहीत, आणि चालत येणारे भाऊ नऊशिवाय दिसत नाहीत. पहाटे पाचला मी जुनी लुगडी घेऊन बाहेर आले, तर शेजारणी आधीच हजर. आपा आपल्या हातच्या शेवया वाळवायला दोन चारपाया घेऊन आलेल्या. यांनी गंज उचलून आणला. लुगड्यामागे लुगडं पसरलं, जांभळं, अंजिरी, पोपटी, पट्टाभर. चिकाची गरम वाफ, सोऱ्यांची करकर, निंबाचा मोहोर. कुरडया पडत होत्या, पांढऱ्या, ओल्या, चकत्यांसारख्या. अर्धवट झोपेत आम्ही साऱ्या हळू बोलत होतो.

"पाहा वो," चष्मेवाल्यांच्या मंडळी म्हणाल्या, "पालिकेनं पहिल्यांदा बायांसाठी काहीतरी केलं."

तेवढ्यात आपा ताठ उभ्या राहिल्या. "या अल्लाह. वैनी, उधर देखो."

पट्ट्याच्या त्या टोकाला, उजेड अजून दुधाळ होता तिथे, एक सायकल येत होती. दोन टोपल्या. मधे माणूस. बसलेला.

भाऊ सायकलवर बसले होते!

नीट नाही. हँडल वळवळत होतं. दोन्ही हात त्याला घट्ट चिकटलेले. पण पाय फिरत होते आणि सायकल येत होती, आणि त्यांच्या समोर, कडेपासून कडेपर्यंत, आमची लुगडी पसरलेली होती.

मला एकच कळलं. भाऊ आता थांबले, तर पुन्हा बसणार नाहीत. आधी दाराने थांबवलं. आता कुरडईने.

"उचला!" मी ओरडले. शूर्पणखेच्याही वरचा आवाज. "लुगडी उचला! भाऊ, थांबू नका! थांबू नका!"

"वैनी, रस्ता कुठं हाये?" भाऊ तिकडून ओरडले.

"तुमी या तं! रस्ता होते!"

आणि झाला. दोघीदोघींनी लुगड्याची टोकं धरली आणि उचलून फाटकांकडे सरकल्या. एकीपाठोपाठ एक लुगडी हवेत उठत गेली, ओल्या कुरडया पोटात घेऊन फुगलेली. आपांची एक चारपाई मी एकटीने कशी ओढली देव जाणे. यांनी दुसरी धरली. दोन्हीकडे रंगीत कापडं, मधे हिरवी वाट, आणि त्या वाटेवरून भाऊ डोळे मोठे करून, ओठ आवळून, डुलत डुलत गेले. माझ्याजवळून जाताना त्यांच्या मोगऱ्याचा वास माझ्या अंगावरून गेला. शेवटचं लुगडं उचलायला उशीर झाला, आणि चार-पाच कुरडयांवरून त्यांचं चाक अलगद निघून गेलं.

आमच्या फाटकाशी त्यांचा डावा हात हँडलवरून सुटला. उजवा थरथरला. मी पाहिलं. सायकल कडेकडे गेली, परत आली. हात टोपलीत गेला आणि पुडी उडाली. भाल्यावर? कुठलं! ती गेली थेट गंजात, यांच्या डोळ्यांदेखत, कढत चिकात. भाऊंनी मागे वळून पाहिलं नाही. पुढच्या घराशी हात पुन्हा टोपलीत गेलेला होता.

आम्ही साऱ्या लुगडी हातात धरून उभ्या होतो तशाच उभ्या राहिलो. हे घोटणीने गंजातून पळसाचं पान बाहेर काढत होते. आपांनी डोळे पुसले आणि लगेच म्हणाल्या, "मेरी सेवैयाँ का क्या हुआ, देखो कोई."

साडेसातला, म्हणजे पूर्वीच्या वेळेला, भाऊ सारा रतीब टाकून परत आले. दोन्ही टोपल्या रिकाम्या. सायकल आमच्या फाटकाशी थांबवून एक पाय कडेवर टेकवला. कपाळावर घाम. मला वाटलं, आता काहीतरी छान बोलतील. मी पदर सावरला.

"वैनी, तुमाले काही अक्कल हाये का?"

"अं?"

"माह्या रस्त्यावर कुरडया घालून राहिल्या तुमी? माह्या रस्त्यावर? माणूस पडला असता आज! उद्या मी याच वेळी येईन. परवाही येईन. इथं एक जरी लुगडं दिसलं ना, मी चाक नाही वळवणार. सांगून ठेवतो. गच्ची कायले हाये तुमची?"

एवढं बोलून ते निघाले. बसलेलेच. राजापेठेकडे जाताना त्यांनी घंटी वाजवली. समोर कुणीच नव्हतं, तरी वाजवली.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. ऊन चढायला लागलं होतं. मग मी जांभळ्या लुगड्याचं एक टोक धरलं, आपांनी दुसरं, आणि तीन जिने चढायला लागलो. मागून हे गंज घेऊन, त्यांच्या मागे चष्मेवाल्यांच्या मंडळी, त्यांच्या मागे साऱ्या, कुरडया सांभाळत, पालिकेला शिव्या देत. वर माकडं वाट पाहत बसलीच होती.